बसवणे

मराठीतील ‘बसवणे’ हे क्रियापद मोठे कष्टाळू आहे. आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, विस्कटलेली घडी बसवतो, निखळलेले हाड बसवतो आणि मैदानात उतरू पाहणाऱ्या खेळाडूला बाहेरही बसवतो. प्रयोजक क्रियापदाचे उदाहरण म्हणून मी ते वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्याच्या शेवटच्या दोन अर्थांमधील अंतर मात्र मला शब्दकोशाने शिकवले नाही. ते शिकवले आमच्या महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकांनी.

जळगाव-धुळे रस्त्यावरील एका महाविद्यालयात आम्ही दोघांनी उभी नोकरी केली. सरकारी कागदावर ते ‘संचालक’, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘जिमखाना सर’ आणि गावात ‘पीटीचे सर’. त्यांच्या कामाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याचा उल्लेख या तिन्ही नावांत नाही. खेळाडूंच्या दुखापती ओळखणे, त्या टाळणे आणि दुखावलेल्याला पुन्हा उभे करणे हा अमेरिकेतील महाविद्यालयांत स्वतंत्र व्यवसाय आहे. त्या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९५० साली स्थापन झाली. आमच्याकडे हे सारे एकाच माणसाने करायचे. मैदानावर फक्की मारणारे तेच, प्रवेशिका भरणारे तेच, एसटीची तिकिटे काढणारे तेच आणि मुरगळलेल्या घोट्याला पट्टी बांधणारेही तेच. त्यांच्या खाकी पिशवीत क्रेप बँडेज, कापूस, कात्री, मीठ-साखरेच्या पुड्या आणि बर्फाने भरलेला थर्मास असे. सोबत केळ्यांची फणी असायचीच. खानदेशात ती वेगळी मागावी लागत नाही.

या कामाला आपल्याकडे परंपराच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेचे प्रा. माणिकराव व्यायामगुरू होते, तसेच नामांकित हाडवैद्यही होते. शरीर कमावणे आणि मोडलेले शरीर सावरणे या दोन विद्या त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. जगन्नाथ गणेश गुणे या तरुणाने १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिक्षण घेतले. हेच गुणे पुढे आमच्या अमळनेरला आले, खानदेश शिक्षण संस्थेच्या उभारणीत त्यांनी वाटा उचलला आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. ते महाविद्यालय १९२३ मध्ये बंद पडले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि स्वामी कुवलयानंद या नावाने जग त्यांना ओळखू लागले. आसनांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत तपासण्याचा आग्रह त्यांनी धरला. ऐकीव ज्ञानाची परीक्षा घेण्याची ही वृत्ती मला आमच्या सरांतही दिसे. गावात हाड बसवणारे होते. पण सर कोणाचेही हाड ओढत नसत. सुजलेल्या अवयवाला फळीचा आधार देऊन ते मुलाला दवाखान्यात पाठवीत आणि म्हणत, “हाड डॉक्टरांनी बसवावे. खेळाडूला बसवायचे काम माझे.”

हे दुसरे काम किती अवघड आहे, ते मी धुळ्याला पाहिले. मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि संघव्यवस्थापक म्हणून मी सोबत गेलो होतो. उपांत्य सामन्यात आमच्या मुख्य चढाईपटूचा गुडघा पिळवटला गेला. तासाभरात तिचे दुखणे ओसरले आणि “मी खेळते” असा हट्ट तिने धरला. सरांनी तिला एका पायावर उडी मारायला लावली. उडी तिने मारली, पण पाय टेकताना तिची नजर गुडघ्याकडे गेली. सर अहिराणीत एवढेच म्हणाले, “बठी जाय, माय.” ती रडली. संघातील मुलींनी विनवण्या केल्या. संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी करंडकाची आठवण करून दिली. सरांनी उत्तर दिले नाही. त्यांनी गुडघ्याखाली उशी सरकवली आणि वर बर्फाची पिशवी ठेवली.

आम्ही तीन गुणांनी हरलो. परतीच्या एसटीत सरांशी कोणी बोलले नाही. ती मुलगी पुढच्या वर्षी खेळली आणि संघ उपांत्य फेरीतच बाद झाला. त्या दिवशी ती मैदानात उतरली असती तर कदाचित करंडक मिळाला असता, कदाचित गुडघ्यातील अस्थिबंध कायमचा तुटला असता. यांपैकी काय घडले असते, हे सांगणे कोणालाच शक्य नाही आणि या पेशाची खरी कसोटी तेथेच आहे. मिळालेला करंडक काचेच्या कपाटात दिसतो. टळलेली इजा कोठेही दिसत नाही. जे घडलेच नाही, त्याचे श्रेय मागायचे तरी कसे?

सरांनी ते कधी मागितले नाही. नोंद मात्र ठेवली. कापडी पुठ्ठ्याच्या एका वहीत तारीख, नाव, दुखावलेला अवयव आणि सांगितलेली विश्रांती असे चार रकाने त्यांनी एकतीस वर्षे भरले. निवृत्तीच्या दिवशी कार्यभार सोपवताना भाले, गोळे, जाळी, शिट्ट्या असे सारे जडवस्तू नोंदवहीशी ताडून पाहिले गेले. ही वही त्या यादीत नव्हती, म्हणून ती त्यांच्याबरोबर घरी गेली.

त्यांचे पद अद्याप भरलेले नाही. आम्ही प्राध्यापक पाळीपाळीने संघांबरोबर जातो. पिशवी नेतो, पण त्या पिशवीमागची नजर नेता येत नाही. संध्याकाळी गल्लीतील मुले लंगडत सरांच्या ओट्यावर येतात. सर पाय हातात घेतात, हलक्या बोटांनी चाचपतात आणि सांगतात, “आधी फोटो काढून आण. तोवर खेळ बंद.” मुले कुरकुरतात आणि ओट्यावर बसतात.