उंबरठा आणि उतार

जुन्या नाशकात सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार या भागांत गोदावरीच्या पुराची भीती पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले, यावरून नाशिककर आजही पुराचे मोजमाप करतात. १९६९ आणि २००८ चे पूर पाहिलेली माणसे आमच्या आळीत अजून आहेत. अशा गावात घराचे जोते उंच असणे हे शहाणपणच होते. पावसाचे पाणी आणि सरपटणारे जीव आत येऊ नयेत म्हणून उंबरठे जाड ठेवले. चोराला सहज वर चढता येऊ नये म्हणून भिंतीच्या जाडीतला जिना अरुंद आणि उभा केला. मात्र या साऱ्या सोयी धडधाकट पायांसाठी होत्या.

आमच्या सासूबाई आज ८६ वर्षांच्या आहेत. विवाहानंतरचे त्यांचे सारे आयुष्य याच वाड्यात गेले. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी साथ सोडली आणि त्यांचे रोजचे देवदर्शन थांबले. मंदिर अवघ्या दोनशे पावलांवर, पण पुढच्या तीन पायऱ्या उतरणे अशक्य झाले. पुण्याच्या धाकट्या दिरांनी लिफ्ट असलेल्या सदनिकेचा आग्रह धरला. तो प्रेमाचाच होता. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मला इथेच राहू द्या. पण घराचा दवाखाना करू नका. जे काही लावाल, ते या घरातलेच वाटले पाहिजे." आमच्या पुढच्या सहा महिन्यांच्या कामाची दिशा या तीन वाक्यांनी ठरवली.

माझा भाचा वास्तुविशारद आहे. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या निकषांत उताराचे प्रमाण १:१२ सांगितले आहे, म्हणजे एक इंच उंचीला बारा इंच लांबी, हे त्यानेच समजावले. पुढच्या तीन पायऱ्या मिळून २१ इंच; त्यासाठी २१ फूट उतार हवा आणि आमची गल्लीच तेवढी रुंद नाही. परसदाराची पायरी मात्र सहाच इंचांची निघाली. तेथे सहा फुटांचा दगडी उतार बसला. दगड घोटीव न घेता टाकीचे घाव राखलेला घेतला, म्हणजे पावसाळ्यात पाय घसरत नाही. कडेला बुटका कठडा बांधून त्यालगत मोगरा लावला.

माजघराचा उंबरठा चार इंच उंच. तो काढून टाकण्याची सूचना गवंड्याने केली, तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. त्याच उंबरठ्यावर त्यांनी नववधू म्हणून माप ओलांडले होते. सुताराने दोन्ही बाजूंना सागवानाचे चार-चार फुटांचे उतार जोडले. उंबरठा जागच्या जागी राहिला. हळदीकुंकवाची बोटे आजही त्याच्यावर उमटतात.

खरी कसोटी न्हाणीघरात लागली. आधाराच्या दांड्या बसवायच्या, तर जुन्या विटा-मातीच्या भिंतीत खिळा किंवा स्क्रू धरत नाही; माणसाचा भार पडताच गिलाव्यासकट बाहेर येतो. म्हणून बोल्ट भिंतीच्या आरपार नेले आणि पलीकडच्या अंगाला लोखंडी पट्ट्यांनी आवळले. पलीकडे होते माजघर. तेथे दिसणारी बोल्टची तोंडे झाकण्यासाठी तांबट कारागिराकडून पितळेची आठ कमळे ठोकून घेतली. पाहुण्यांना ती वाड्याची जुनी नक्षीच वाटते. मुठीत नीट मावतील अशा दांड्याही पितळेच्याच केल्या. न्हाणीघराचे दार आता बाहेर उघडते. आत कोणी पडले, तर आत उघडणारे दार त्याच माणसाला अडते आणि मदत पोहोचत नाही, ही साधी गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात घ्यावी.

सासूबाईंचा चौविहार असल्याने रात्री पाण्यासाठी उठणे नाही. तरी एकदोनदा उठावे लागतेच. त्या वाटेवर गुडघ्याच्या उंचीवरचे जुने कोनाडे होते. पूर्वी त्यांत पणत्या ठेवत. आता तेथे मंद दिवे आहेत आणि चाहूल लागताच ते उजळतात. काळ्या फरशीवर जेथे पातळी बदलते, तेथे पिवळ्या जैसलमेरी दगडाची खडबडीत पट्टी बसवली, कारण थकलेल्या डोळ्यांना काळ्यावरचा काळा दिसत नाही.

साधूसाध्वींच्या आचारात ईर्यासमिती आहे. पुढची चार हात भूमी पाहून, जीवाला इजा न होईल असे चालायचे. घरातल्या वाटा मोकळ्या करताना मला तिची वारंवार आठवण झाली. तीन कपाटे, दोन तिवया आणि कित्येक वर्षे न उघडलेल्या पेट्या आम्ही देऊन टाकल्या. अपरिग्रहाचा एवढा रोकडा लाभ मी यापूर्वी अनुभवला नव्हता. वाट रुंद झाली आणि झाकले गेलेले कोरीव खांब पुन्हा दिसू लागले.

सामायिकाचा प्रश्न नाजूक होता. अठ्ठेचाळीस मिनिटे जमिनीवर बसणे जमेना आणि खुर्ची त्यांच्या मनाला पटेना. शेवटी सुताराने जुन्या फळ्यांचा सतरा इंच उंचीचा चौरंग केला, त्याला दोन्ही बाजूंनी हात टेकायला आधार दिला. त्यावर आपले नेहमीचे आसन अंथरून त्या बसू लागल्या.

सारेच साधले असे मात्र नाही. माडीवरच्या खोलीच्या खिडकीतून मंदिराचे शिखर दिसते. मामंजींच्या अखेरच्या दिवसांत सासूबाई त्याच खिडकीशी बसत. त्या उभ्या जिन्याला कोणताही उपाय लागू पडला नाही. "ती खोली मी सोडली," असे एके दिवशी त्यांनी स्वतःच सांगितले आणि किल्ली माझ्या हाती दिली. त्या किल्लीचे ओझे मला अजून जाणवते.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींहून अधिक होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी त्यांतले कोणी ना कोणी असेल आणि उद्या आपणही असू. म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते, की असे काम पडझड होण्याआधी, ज्यांच्यासाठी करायचे ते स्वतः आपली आवड सांगू शकतात तेव्हाच करावे. मोजमापे वास्तुविशारद सांगेल. कोणता उंबरठा राखायचा आणि कोणती खोली सोडायची, हे घरातल्या ज्येष्ठांनाच विचारावे लागते.

सासूबाई आता सकाळी काठी घेऊन परसदाराने निघतात. दोनशे पावलांना त्यांना वीस मिनिटे लागतात. सोबत कोणी आलेले त्यांना चालत नाही.