माझे हात लहान नाहीत, हे मला टोकियोत कळलं

दोन वर्षांपूर्वी पहिल्या नोकरीच्या साठवलेल्या पैशांतून मी सात तारांची इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन मागवली. काळी, चकचकीत, फोटोत फारच देखणी. घरी आल्यावर अर्ध्या तासात मनगट दुखायला लागलं. आठवडाभर तेच. मग ज्याला त्याला विचारलं आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, "अगं, तुझे हात लहान आहेत. मुलींनी सहा तारांचीच घ्यावी." मलाही ते पटलं. गिटार पलंगाखाली गेली.

यंदा मावसभावाकडे टोकियोला जायचं ठरलं. तो निशी-कासाईला राहतो. भारतीय कुटुंबांची तिथे इतकी वस्ती आहे, की पोहे आणि कढीपत्ता शोधत फिरावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "ओचानोमिझूला जाऊन ये. गिटार विकायचीच असेल, तर निदान एकदा खात्री करून मग वीक."

चहाच्या पाण्याचं गाव

ओचानोमिझू म्हणजे 'चहाचं पाणी'. इथल्या एका झऱ्याचं पाणी शोगुनच्या चहासाठी नेत असत, त्यावरून हे नाव पडलं. मेट्रोतून बाहेर पडून कांदा नदीवरचा पूल ओलांडला, की उतारावर मेइदाई-दोरी हा रस्ता लागतो. बाजूला मेइजी विद्यापीठ, खाली गेलं की जिंबोचो हा जुन्या पुस्तकांचा भाग आणि मधल्या उतारावर दुतर्फा वाद्यांची दुकानं. काही दुकानं अरुंद, पण अनेक मजली. भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत गिटारी टांगलेल्या.

इथला एक शब्द लक्षात ठेवा : 'शिसो', म्हणजे विकत घेण्यापूर्वी वाजवून पाहणं. गिटार आपण स्वतः काढायची नाही, विचारायचं. मी बोटाने दाखवत, अडखळत विचारलं. विक्रेत्याने गिटार उतरवली, पुसली, सुरात लावली, ॲम्पला जोडली आणि स्टूल पुढे केलं. मी काहीही विकत घेणार नाही, हे माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार. तरी त्याने घाई केली नाही.

चार नेक, एक हात

नेक म्हणजे गिटारची मान, जिच्यामागे अंगठा टेकतो. सहा तारांच्या गिटारची मान वरच्या टोकाला साधारण 42-43 मिलिमीटर रुंद असते. सात तारांची 48 च्या आसपास आणि आठ तारांची 55 च्या आसपास. मला वाटायचं, सगळा त्रास या रुंदीचाच आहे.

पहिली होती आयबानेझची. या कंपनीने 1990 साली स्टीव्ह वायसोबत 'युनिव्हर्स' ही सात तारांची गिटार आणली आणि तिथून सात तारा रॉक-मेटलमध्ये रुजल्या. हिची मान पातळ, मागून जवळपास सपाट. बोटं सरसर धावली. मनात म्हटलं, हीच! पण दहा मिनिटांनी अंगठ्याच्या बुडाशी ताण जाणवला. मान पातळ असल्यामुळे तळव्याला आधारच नव्हता. मी चिमटीत धरल्यासारखी दाबत होते.

दुसरी मागून गोल, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी. तळहात छान भरला, अंगठा सैलावला. पण सातव्या, सर्वांत जाड तारेकडे जाताना मनगट वाकायचं.

तिसरी स्ट्रँडबर्ग, मूळची स्वीडनची. हिला डोकंच नाही, आणि मानेची पाठ गोल नसून कोन पाडलेली. अंगठा सपाट कडेवर आपोआप बसतो. फ्रेट पंख्यासारखे तिरके, कारण जाड तारांना जास्त लांबी मिळते आणि बारीक तारांना कमी. हात सर्वांत मोकळा इथेच राहिला. किंमत पाहिली आणि गुपचूप परत दिली.

चौथी मी मुद्दाम मागितली. माझ्या घरच्या गिटारसारखीच, जाडसर मानेची, 27 इंच स्केलची. स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी. नेहमीच्या 25.5 इंचांऐवजी 27 असली, की जाड तार ढिली पडत नाही, पण दोन फ्रेटमधलं अंतर जवळपास 6 टक्क्यांनी वाढतं. दोन मिनिटांत तीच जुनी कळ आली.

विक्रेत्याने थांबवलं. बोलला काही नाही. गिटार माझ्या उजव्या मांडीवरून डाव्या मांडीवर ठेवली, डाव्या पायाखाली छोटा पाट सरकवला, मानेचं टोक थोडं वर उचललं. मग स्वतःचं मनगट सरळ धरून दाखवलं. मी तसंच केलं. अंगठा मानेच्या मधोमध आला आणि करंगळी पोहोचली. जिथे कधीच पोहोचत नव्हती, तिथे.

मला एकदम आत्या आठवली. ती माझ्याहून बुटकी आणि सतार वाजवते. सतारीची दांडी तर या आठ तारांच्या गिटारपेक्षाही रुंद. तिला कधी कोणी 'हात लहान' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. तिला आधी बसायला शिकवलं होतं. मला फक्त माप सांगितलं होतं.

तुम्हीही घेणार असाल, तर

• पाच मिनिटांवर निर्णय घेऊ नका. किमान पंधरा-वीस मिनिटं वाजवा. पातळ मानेचा थकवा उशिरा कळतो.
• बसून आणि उभं राहून, दोन्ही प्रकारे पाहा. पट्टा फार खाली सोडला, तर कोणत्याही मानेवर मनगट वाकतं.
• सर्वांत जाड तारेवर करंगळी टेकवून पाहा. मनगट सरळ राहतं का?
• दमट हवेत घामाने चकचकीत मान चिकटते, मॅट पॉलिश बरं पडतं.
• मुलांसाठी घेत असाल, तर त्यांना सोबत न्या. दुसऱ्याच्या हाताचा अंदाज उपयोगाचा नाही.
• बधिरपणा किंवा मुंग्या येत असतील, तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

ओचानोमिझूतून मी दोन पिकं घेऊन निघाले. विक्रेत्याने तीही छोट्या पिशवीत नीट घालून दिली आणि वाकून नमस्कार केला.

घरी आल्यावर गिटार पलंगाखालून काढली. पट्टा चार बोटं वर घेतला, पायाखाली आईचा पोळपाट ठेवला. (आईला कळल्यावर जुना पाट मिळाला.) वीस मिनिटं वाजवते, मग विश्रांती. ती मान अजूनही माझ्यासाठी थोडी जाडच आहे, हे खरं. पुढची गिटार हाताला विचारूनच घेईन. पण हिला विकायची जाहिरात मी काढून टाकली आहे.