चादरीवरचा डाग

आमच्या नाचणगांवच्या घरांत नव्या जोडप्याच्या खोलींतली चादर दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणीं उचलायची, हें ठरलेलें असे. तो मान आत्याबाईंचा. त्याविषयीं उघडपणें कोणी बोलत नसे. चादर उचलली जाई, थोड्या वेळानें आत्याबाई न्हाणीघरांतून बाहेर येत, आणि त्यांच्या मुद्रेवरून घरांतल्या बायका काय समजायचें तें समजत. माझ्या लग्नाला आतां चाळीस वर्षें होत आलीं. त्या सकाळीं आत्याबाईंची मुद्रा प्रसन्न होती. नव्या सुनेच्या हातावर त्यांनीं साखर ठेविली.

चादरीवरचें रक्त माझें होतें.

ही गोष्ट मला आणि माझ्या पत्नीला ठाऊक होती, आणि दोघांनींही ती गिळली. तिनें कां गिळली हें सांगावयास नको. मीं गिळली ती भीतीमुळें. पुरुषाच्या देहांतून समागमानंतर रक्त येऊं शकतें, हें मीं कोठें वाचलें नव्हतें कीं कोणाकडून ऐकलें नव्हतें. मित्रांच्या गप्पांत फुशारकी पुष्कळ, माहिती शून्य. र. धों. कर्वे यांनीं १९२७ सालीं ‘समाजस्वास्थ्य’ काढून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, असले प्रश्न निर्भीडपणें चर्चिले आणि त्यापायीं खटले सोसले. १९३४ च्या खटल्यांत तर खुद्द डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. आमच्या माळ्यावर जुन्या मासिकांची एक ट्रंक होती. तिच्यांत तें मासिक मात्र नव्हतें.

मला वाटलें, आपल्या शरीरांत कांहीं तरी कायमचें तुटलें. पुलगांवच्या बाजारांतून तुरटी आणून तिच्या पाण्यानें धुणें, वर हळद दाबणें, असे उद्योग मीं गुपचूप केले. जखम सुकण्याऐवजीं चरचरूं लागली. चार दिवस बरें वाटलें कीं पुन्हां तोच प्रकार. तिसऱ्या खेपेनंतर मी गच्चीवर झोपूं लागलों आणि उकाड्याचें निमित्त सांगितलें. वर्ध्याकडचा उन्हाळा असल्या थापांना फार सोयीचा आहे.

एके रात्रीं पत्नी जिन्यावर येऊन उभी राहिली. “अहो, माझ्यांत कांहीं उणें आहे का?” तिनें विचारलें. मला लाज वाटली, आणि ती रक्ताची नव्हती. दुसऱ्या दिवशीं सकाळची गाडी धरून मी वर्ध्यास एका डॉक्टरांकडे गेलों.

त्यांनीं पांच मिनिटांत तपासलें. जिभेखालीं जशी एक पडदी असते, तशीच शिश्नमण्याच्या खालच्या अंगाला, अग्रत्वचेला बांधून धरणारी, कातडीची एक नाजूक दोरी असते. ती मुळांत आंखूड असली, किंवा घाईंत आणि कोरडेपणांत ताणली गेली, तर फाटते. तिच्यांत बारीक रक्तवाहिनी असल्यामुळें जखमेच्या मानानें रक्त फार दिसतें. “स्वच्छ कापडानें दहा मिनिटें दाबून धरा, मधून मधून उचलून पाहूं नका,” ते म्हणाले. नंतर साध्या पाण्यानें धुवायचें; तुरटी, हळद, जंतुनाशकें कांहीं लावायचें नाहीं; आणि पुरती भरून येईपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, संयम. माझें चुकत होतें तें येथेंच. अर्धवट भरलेली जखम पुन्हां पुन्हां फाटली कीं व्रण कठीण होतो आणि दोरी आणखी आंखडते. मग जागा बधिर करून एक लहानशी शस्त्रक्रिया करावी लागते. माझी करावी लागली नाहीं.

त्यांनीं त्या दिवशीं बरेच आडवेतिडवे प्रश्न विचारले. त्यांचें मर्म मला पुढें वाचनानें कळलें. रक्त कातडींतून येतें, लघवींतून येतें कीं वीर्यांतून, हा पहिला प्रश्न. मधुमेह्यांची अग्रत्वचा टांचांसारखी भेगाळते आणि पुन्हां पुन्हां सुजते. कित्येकांना आपल्याला मधुमेह आहे हें प्रथम तेथूनच कळतें. पू, जळजळ किंवा फोड असतील तर संसर्गाची शंका घ्यावी लागते, आणि मग पतिपत्नी दोघांचीही तपासणी व उपचार एकदमच व्हावे लागतात. वीर्यांत रक्त दिसलें तर तरुणपणीं तें बहुधा आपोआप थांबतें; पण तें वारंवार येऊं लागलें, किंवा वय चाळिशीच्या पुढें असलें, तर प्रोस्टेट ग्रंथि तपासून घेतलीच पाहिजे. आपल्या देशांत क्षयरोगही तेथपर्यंत पोंचतो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनीं रक्तस्राव वाढतो; तरी तीं आपल्या मनानें बंद करूं नयेत. आणि समागमाच्या वेळीं कट्कन् आवाज होऊन सूज व निळेपणा आला, लघवी अडली, किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें.

घरीं आल्यावर मीं हें सारें पत्नीला सांगितलें. ती बराच वेळ हसत होती, मग रडली.

पण चादरीची गोष्ट अजून संपली नव्हती. दोन वर्षांनीं माझ्या धाकट्या चुलतभावाचें लग्न झालें. त्याच्या खोलींतली चादर कोरी निघाली. आत्याबाई न्हाणीघरांतून आल्या त्या गप्पच. दुपारीं बायका भाजी निवडतांना कुजबूज सुरू झाली, आणि आत्याबाईंनीं दाखला दिला तो माझ्या पत्नीचा! पहिल्या समागमांत पुष्कळ स्त्रियांना रक्त येतच नाहीं, आणि आल्या-न आल्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं, हें मला तोंवर ठाऊक झालें होतें. तरी मी ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसलों होतों. आत्याबाईंना तरी काय दोष द्यावा? महाराष्ट्रांतल्या वैद्यकाच्या अभ्यासक्रमांतून कौमार्याच्या खुणांचा भाग जायला २०१९ साल उजाडावें लागलें. तोही गेला तो आमच्याच जिल्ह्यांतल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनीं त्याला शास्त्राचा आधार नाहीं असा अहवाल दिला म्हणून.

आंत नवी सून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत खालीं मान घालून बसली होती. माझ्या पत्नीनें विळी बाजूला सारली.

“आत्याबाई,” ती म्हणाली, “तें रक्त माझें नव्हतें. ह्यांचें होतें.”

घरांत इतकी शांतता मीं कधीं ऐकली नाहीं. आत्याबाई उठून ओसरीच्या दारांत आल्या आणि माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. मग मान हलविली, आणि शब्द फुटले तितके बोललों : “होय. वर्ध्याच्या डॉक्टरांना दाखविलें होतें.”

त्या कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें फडताळ उघडल्याचा आवाज आला, साखरेचा डबा खालीं उतरला, आणि आत्याबाईंनीं नव्या सुनेला नांवानें हांक मारली.