बुरशीची समाधी

क्योटो, २१ जून

ती. आईस,


परिषदेतला निबंध काल वाचून झाला आणि चांगला झाला. तिथलं बाकीचं भेटीत सांगेन. फोनवर तू 'काय जेवलीस?' विचारलंस आणि मी 'भात' म्हणून मोकळी झाले. खरं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हे पत्र.

पहिले दोन दिवस अवघड गेले. आपल्या घरात माळ, आणि इथे साध्या भाजीच्या रश्शातही मासा. पाण्यात उकळून, धूर देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेल्या माशाचा कीस गरम पाण्यात टाकून अर्क काढतात, तोच सगळ्या पदार्थांत. तिसऱ्या दिवशी इथल्या एका प्राध्यापक बाईंना माझी अडचण कळली आणि त्या मला एका देवळात जेवायला घेऊन गेल्या. बौद्ध भिक्षूंच्या या जेवणाला शोजिन र्‍योरी म्हणतात. मांसमच्छी नाहीच, कांदा-लसूणही नाही; आपला चातुर्मासच म्हण ना. माशाऐवजी कोम्बू नावाची समुद्रातली वनस्पती आणि सुकवलेल्या अळंब्या भिजवून पाणी काढतात. तिळाची एक थरथरणारी वडी होती, दुधाचा थेंब नसताना सायीसारखी. आणि पांढऱ्या मिसोचं सूप. मिसो म्हणजे सोयाबीन शिजवून, मीठ घालून आंबवलेला गोळा. क्योटोचा मिसो गोडसर असतो. साखर घालता का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही, तो कोजीचा गोडवा. ही तर तुमच्याच विषयातली गोष्ट!"

आई, कोजी म्हणजे बुरशी. वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरतात आणि भात दमट, उबदार खोलीत ठेवतात. दोनेक दिवसांत दाणा न् दाणा पांढऱ्या लवीनं झाकला जातो. तुझ्या लोणच्याला धरतो तसा बुरा, पण वास भाजलेल्या चेस्टनटचा, मला तर ताज्या भाजलेल्या शेंगांचाच वाटला. ती बुरशी तांदळातल्या पिठाची साखर करते. मिसो, सोया सॉस, साके, सगळ्याची सुरुवात तिच्यापासून. शिजलेल्या भातात नुसती कोजी मिसळून रात्रभर उबेत ठेवली की आमाझाके होतं. ते मी रोज पिते आहे. गुळाचा खडाही न घालता खिरीइतकं गोड! तुला वाटीभर द्यावंसं फार वाटतं.

आता ऐक. हिचं नाव अस्परजिलस ओरायझी. आणि माझा सगळा जन्म जिच्यामागे गेला, ती शेंगदाण्यावरची अस्परजिलस फ्लेव्हस हिची सख्खी बहीण. मी आठवीत असताना परतीच्या पावसात आपला शेंगांचा ढीग भिजला होता, आठवतं? हिरवट-पिवळी पूड धरली आणि व्यापाऱ्यानं सगळा माल परत पाठवला. अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ती पूड म्हणजे फ्लेव्हस. तिचं विष यकृताला कर्करोगापर्यंत नेतं आणि दाणे भाजूनही पूर्ण जात नाही. कोजीच्या सगळ्या जनुकांचा आराखडा २००५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या विषाची बहुतेक जनुकं तिच्यातही सापडली. फक्त ती काम करत नाहीत. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. जिभेवर मात्र पहिल्यांदाच आलं.

इथल्या मद्यनिर्मिती-शास्त्राच्या संस्थेनं २००६ साली कोजीला देशाची बुरशी जाहीर केलं. बीजाणू विकणारी जुनी दुकानं क्योटोत आहेत, म्हणजे विरजणाचीच दुकानं. या बीजाणूंना इथे 'मोयाशी' म्हणायची पद्धत आहे. हाच शब्द मोड आलेल्या कडधान्यालाही वापरतात. दुसरे जंतू वाढू नयेत म्हणून हे दुकानदार भातात लाकडाची राख मिसळत आले. तू वालाचं बी राखेत घोळून ठेवतेस, अगदी तसंच. ते ऐकलं आणि तुझे राखेनं माखलेले हात डोळ्यांसमोर आले.

आज सकाळी मानशुइन नावाच्या देवळात गेले. शहराच्या ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पाऊस पडत होता. इथे या दिवसांतल्या पावसाला 'बाइउ' म्हणतात. आलुबुखार पिकतानाचा पाऊस असा त्याचा अर्थ, पण ती अक्षरं बदलून 'बुरशीचा पाऊस' असंही लिहिता येतं. देवळाच्या आवारात एक दगड उभा आहे, किन्झुका, म्हणजे सूक्ष्मजीवांची समाधी. विकरं बनवणाऱ्या एका कंपनीच्या माजी प्रमुखानं १९८१ साली ती उभारली. माणसाच्या कामी येऊन मेलेल्या असंख्य जंतूंसाठी. दगडावरची अक्षरं किनइचिरो साकागुची यांची, आमच्या शास्त्रातला फार मोठा माणूस.

मी छत्री मिटली. प्रयोग झाला की काचेच्या बशा वाफेत घालून आतलं सगळं मारायचं, हे मी वीस वर्षं करते आहे. किती हजार बशा झाल्या असतील! त्यांच्याबद्दल मनात कधी काही आलं नव्हतं. आज हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिले. फ्लेव्हससाठीही जोडले. अण्णांना सांगू की नको, तूच ठरव.

येताना मिसोचा डबा आणते, मासा नसलेला, नीट विचारून घेतलेला. बीजाणू आणणार नाही. परवान्याशिवाय जिवंत बुरशी आपल्या देशात नेता येत नाही.

तिकडे पाऊस लागला का? भुईमूग टोकून झाला असेल, तर कोणतं बी घेतलं ते कळव. आणि काढणीनंतर शेंगा ढिगात ठेवू नका, ताडपत्रीवर पातळ पसरा. मी तोवर येतेच आहे.

तुझी,
सुमा