संपातली पार्टी

पार्टी हा शब्द आमच्या चाळीत उशिरा आला. त्याआधी बारसं होतं, लग्न होतं, जयंती होती, मयतानंतरचं जेवण होतं. त्या सगळ्याला कारण असायचं. कारण असलं की उसनं मागायला माणूस लाजत नाही. पार्टीला कारण नसतं. दोस्तांना बोलवायचं, खायचं, हसायचं, झालं. मजेसाठी उसनवारी करायची, हे गणित आमच्या बाला कळायचं नाही. मज्जा हा शब्दच त्याला परक्या मुलखातला वाटायचा.

साल १९८२. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झालेला. अडीच लाख कामगार बाहेर. बा त्यातला एक. पाच महिने घरात पगाराचं पाकीट नाही. आयच्या गळ्यातली पोत मार्चमध्येच मारवाड्याकडं गेलेली. आणि जूनमध्ये मी बी.ए. झालो. सिद्धार्थमधून, सकाळचं कॉलेज करून. घराण्यात पहिला. दोस्त म्हणाले, पार्टी पाहिजे. कंजूषपणा चालणार नाही.

बा म्हणाला, "संपात पार्ट्या करत्यात व्हय रं?"

आय म्हणाली, "मंग कवा करत्यात? संप मिटल्यावर? आन् न्हाई मिटला तर?"

आय बरोबर होती. तो संप मिटलाच नाही. आजपर्यंत कुणी तो मागे घेतलेला नाही.

आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत. एकशे साठ चौरस फूट, त्यातच मोरी. संडास मजल्याच्या टोकाला, वीस खोल्यांना मिळून. विसाच्या दशकात सरकारनं बांधलेल्या ह्या चाळी. त्यातल्या काहींत सत्याग्रहींना कोंडलं होतं म्हणतात, आणि खोली बघितली की ते पटतं. (वरळीच्या बीडीडीत २०२५ च्या ऑगस्टात पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या दिल्या. बाला हे सांगितलं असतं तर म्हणाला असता, एवढ्या जागेत काय गिरणी घालायची?) आम्ही घरात सहा माणसं. येणारे दोस्त आठ. बसायचं कुठं?

पण संपानं एक सोय केली होती. अर्धी चाळ गावाला गेली होती. समोरच्या खोलीतले काका जाताना चावी आयकडं देऊन गेले होते, दिवाबत्तीला. ती खोली उघडली, झाडली, चटया टाकल्या. संपाच्या कुलपातून आमचा हॉल निघाला.

आता पैसा. माझ्याकडं शिकवणीचे पंधरा रुपये. दोस्तांनी काँट्री काढायचं ठरवलं, डोक्यामागं दोन रुपये. आय भडकली. "पावण्याकडनं पैसं घिऊन त्यालाच जेवू घालायचं? खानावळ हाय व्हय ही?" तिला पटेना. शेवटी तोड अशी निघाली की पैसा कुणी द्यायचा नाही, वस्तू आणायची. पैसा आणला की गिऱ्हाईक, वस्तू आणली की घरचा. हा कायदा आयचा. भायखळ्याच्या दोस्ताचा बाप भाजी मार्केटात हमाल. त्यानं कांदे, मिरच्या आणल्या आणि फळांची मोडकी खोकी. मदनपुऱ्याचा दोस्त त्यांच्या ओळखीच्या खाटकाकडून वजडी घेऊन आला. त्यामुळं हलालचाही प्रश्न सुटला. मातंग वस्तीतला एकजण डझनभर अंडी घेऊन आला, ती कुठून आली हे कुणी विचारलं नाही. ज्वारी चुलत्यानं गावावरून एसटीनं धाडलेली होती.

वजडी स्वस्त असते असं लोक म्हणतात. खोटं. वजडी स्वस्त, रॉकेल महाग. ती दोन-तीन तास शिजते. त्याआधी चुना लावून गरम पाण्यात खरवडायची, काळी साल निघेस्तोवर. स्टोव्हवर केली असती तर महिन्याचं रॉकेल एका संध्याकाळी गेलं असतं. म्हणून चाळीच्या मागं पत्र्याखाली तीन विटा मांडल्या आणि खोक्यांच्या फळ्या जाळल्या. पावसाची पहिली झड येऊन गेली होती, लाकडं धूर ओकत होती. रस्सा वाढवायचा तर नुसतं पाणी ओतून चालत नाही, माणसाला लगेच कळतं. कांदा-खोबरं काळं होईपर्यंत भाजायचं आणि वाटणात मूठभर डाळं घालायचं. मग तो चौदा माणसांना पुरतो. अंडी उकडून दोऱ्यानं कापली. सुरीनं कापलं की बलक चिकटतो आणि अर्धं अंडं पाव दिसतं.

खरी गोष्ट पुढंच आहे.

दोस्तांत एक गिरगावचा होता. ब्राह्मण. मटण-मच्छी खात नव्हता. त्याच्यासाठी झुणका ठरला. आय हळूच मला म्हणाली, "त्येच्यासाठी येगळं भांडं काढू का? नवं पातेलं हाय. त्येला बरं वाटंल."

माझं डोकं फिरलं. गावाला हॉटेलात आमची कपबशी वळचणीला वेगळी टांगलेली असायची, हे ह्याच बाईनं मला सांगितलेलं. तीच आता पाहुण्याचं मन राखायला आपल्याच घरात वेगळं भांडं मांडायला निघाली. शिवी तोंडात आली होती. पण आयला कोण शिवी देणार? बा कोपऱ्यात बिडी ओढत होता. तो म्हणाला, "भांडं येगळं न्हाई. पदार्थ येगळा. झुणका समद्यांनी खायाचा, वजडी ज्येला पायजे त्येनं."

ठरलं. गिरगावकर आला, मांडी घालून बसला, तीन भाकरी खाल्ल्या. "मावशी, ठेचा अजून वाढा" म्हणाला. त्याच्याबद्दल आणखी लिहायला काही नाही. जेवला, बस.

न जेवणारा दुसराच निघाला. परळचा दोस्त. मराठा, त्याचाही बाप संपातला, माझ्या बाच्याच खात्यात. ताट पुढं आलं आणि म्हणाला, "आज शनिवार. उपास आहे." आय हरली नाही. शेंगदाणे भाजले, केळं आणलं. "उपासाचं बी हाय की, लेकरा." तो म्हणाला, नको मावशी. मग तिनं चहा ठेवला. चहा नको म्हणाला.

उपास चहाला नसतो. हे आयला माहीत, त्याला माहीत, खोलीतल्या सगळ्यांना माहीत. कुणी काही बोललं नाही. मदनपुऱ्याच्या दोस्तानं उगाच एक जोक सांगितला.

जेवणं झाल्यावर चाळीच्या गायन पार्टीची ढोलकी आली. वामनदादा कर्डकांची गाणी सुरू झाली. वाजवणारा म्हातारा गावाला गेलेला. आमच्यात ढोलकीवर खरा हात एकाचाच चालायचा, ह्या उपासवाल्याचा. त्यानं ढोलकी मांडीवर घेतली आणि एक वाजेपर्यंत सोडली नाही. घामानं थबथबला. भीमाच्या गाण्यावर असा हात मी पुन्हा ऐकला नाही. मध्येच उठला, माठापाशी गेला, स्वतःच्या हातानं तांब्या बुडवून दोन पेले पाणी घटाघटा प्याला आणि परत येऊन बसला. आय दारातून बघत होती.

पाणी प्याला. भाकरी नाही. ह्याचा हिशेब कसा मांडायचा, सांगा दोस्तहो. ढोलकी खरी होती. उपास खोटा होता. दोन्ही एकाच माणसाचं.

आपल्याकडं सहभोजनाचं कौतुक जुनं आहे. अनंत हरी गद्र्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण घातले, सगळ्या जातींना एका पंगतीला बसवलं. माणूस तळमळीचा होता, त्याबद्दल वाद नाही. पण आम्ही सत्यनारायण सोडला आणि झुणका-भाकर तेवढी ठेवली. पुढं १९९५ च्या युती सरकारनं तीही एक रुपयाला लावली. आणि बाबासाहेबांनी १९३६ सालीच, लाहोरात न झालेल्या त्या भाषणात, सांगून ठेवलं होतं की एकत्र जेवल्यानं जात मरत नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे. आमची गाडी तर रोटीवरच अडत होती. वर्तमानपत्रात फोटो येतो तो कुणी मोठा आमच्या घरी जेवला त्याचा. आम्ही कुणाच्या घरात कुठपर्यंत गेलो, ओटीपर्यंत की चुलीपर्यंत, ह्याचा फोटो मी पाहिलेला नाही.

सकाळी आयनं ताटल्या घासल्या. पाच घरांतून आणलेल्या, प्रत्येकीवर कुणाकुणाचं नाव घातलेलं. भांडं रिकामं परत करायचं नसतं. झुणका संपला होता, रश्शाचं पातेलं पोरांनी पुसून खाल्लं होतं. तिनं डबा खरवडून गुळाचा एकेक खडा ताटल्यांत ठेवला आणि मजल्यावर फिरली.

शेजारीण म्हणाली, "आता ह्यो गूळ कशाला, बाई? ऱ्हाऊ दे की घरात."

"पोरगं बी.ए. झालंय," आय म्हणाली. "पेढा समज."

बा तोवर मोर्चाला निघून गेला होता.