कर्ण्याला घुमटाची साथ

वडोदऱ्याला प्रतापनगरात माझी मावशी राहायची. लग्न होऊन गोव्यातून तिकडे गेली ती तिकडचीच झाली. "बेस रे जरा" म्हणायची आणि आमटीत आमच्या घशाखाली उतरणार नाही इतका गूळ घालायची. काका रेल्वेत, सिग्नल खात्यात. रेल्वेच्या वडोदरा मंडळाचे कार्यालय प्रतापनगरातच असल्याने वस्तीत रेल्वेवाले पुष्कळ. स्टेशनही जवळ. लहानपणी मी गेलो की डभोईची छोटी गाडी बघायला काका मला घेऊन जायचे. १८६२ साली गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम अरुंद रुळांची लाइन घातली आणि सुरुवातीला तिच्यावर चक्क बैल जुंपले, ही गोष्ट ते दर खेपेला नव्याने सांगायचे. आता ती छोटी गाडी गेली. तिथून रुंद रुळांवरच्या गाड्या सुटतात, २०२१ पासून थेट केवडियापर्यंत.

काकांना दोन वेडे. एक गाणे आणि दुसरे गाणे ऐकवणारी यंत्रे. पहिल्याचे नवल नाही. मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली ज्या गावात निघाली आणि फैयाज खाँसाहेबांनी १९५० साली ज्या गावात देह ठेवला, त्या गावात माणसाला गाण्याचे वेड नसले तरच नवल. यंत्रांचे वेड कुठून लागले ते मात्र मावशीला शेवटपर्यंत उमगले नाही.

शहरातले एक जुने थिएटर बंद पडले तेव्हा पडद्यामागचे दोन स्पीकर काकांनी भंगारवाल्याकडून आणले. एकेक कपाटाएवढा, वर लोखंडी कर्णा, खाली लाकडी पेटीत पंधरा इंची स्पीकर, तोही रुंद होत जाणाऱ्या लाकडी कर्ण्यात बसवलेला. मावशीने दारातच विचारले, "आता आम्ही माणसांनी कुठे राहायचे?" पण रात्री त्यावर केसरबाई केरकरांची रेकॉर्ड लागली तेव्हा ती स्वयंपाक टाकून बाहेर आली. आमच्या केरी गावची बाई समोर उभी राहून गाते आहे असेच वाटले, असे तिने आईला पत्रात लिहिले होते.

कर्ण्याची ही करामत साधी आहे. लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती तळवे धरतो, तेच तत्त्व. स्पीकरचा पडदा मोकळ्या हवेत हलला की त्याची बरीच मेहनत वाया जाते. कर्णा हवेवर त्याची पकड बसवतो. घरातला साधा स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देत असेल, तर चांगला कर्णा १०४ देतो. म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी साध्या स्पीकरला चाळीसपट वीज लागते. पडद्याला फार हलावे लागत नाही म्हणून तबल्याची चाट, तंबोऱ्याची जवारी लखलखीत येते.

पण कर्ण्याचे एक दुखणे असते. जितका सूर खालचा, तितके तोंड मोठे लागते. ४० हर्ट्झच्या ध्वनीची लहर साडेआठ मीटर लांब. तिला नीट बाहेर सोडायचे तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर जवळजवळ तेवढाच हवा, म्हणजे व्यास पावणेतीन मीटर. एवढा कर्णा घरात ठेवला तर मावशीचा प्रश्न खराच ठरायचा. अमेरिकेत पॉल क्लिप्श नावाच्या इंजिनियराने १९४० च्या दशकात युक्ती काढली. स्पीकर खोलीच्या कोपऱ्यात ठेवला आणि दोन भिंती व जमीन यांनाच कर्ण्याचा उरलेला भाग केले. काकांच्या खोलीत एका कोपऱ्यात दार आणि एकात देव्हारा, त्यामुळे तीही सोय नव्हती. साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली ते कर्णे हात टेकायचे.

"काका, एक सबवूफर जोडूया," असे मी वीस वर्षे म्हणत होतो. सबवूफर म्हणजे फक्त खर्जासाठीचा वेगळा स्पीकर, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन येणारा. काका एकच उत्तर द्यायचे, "वरातीतला धडधडाट मला घरात नको."

मावशी गेली. त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. "तुझा तो डबा घेऊन ये. रात्री हळू लावले की गाणे पोकळ वाटते रे." त्यांचे कान वयाने थकले होतेच, पण हे दुखणे सगळ्यांच्याच कानांचे आहे. आवाज कमी केला की माणसाला खालचे सूर सर्वांत आधी ऐकू येईनासे होतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवले आहे. पूर्वी काका मोठ्याने लावत आणि मावशी ओरडे. आता ओरडणारे कोणी नव्हते, तर ते हळू लावत होते.

मी बारा इंची, बंद पेटीचा सबवूफर नेला. काकांनी विचारले, "भोकाची पेटी का नाही घेतलीस? तिच्यात खर्ज जास्त येतो म्हणतात." मी म्हटले, आपला घुमट आठवा. मातीचे मडके, मोठ्या तोंडावर कातडे, मागचे लहान तोंड उघडे. वाजवणारा एका हाताने कातड्यावर बोल काढतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या मागच्या तोंडावर झाकतो-उघडतो. उघडे ठेवले की घुमते, झाकले की आवाज आवळून येतो. भोकाची पेटी म्हणजे तळवा काढलेला घुमट. खर्ज वाढतो, पण ध्वनी थोडा रेंगाळतो. तुमच्या कर्ण्याला रेंगाळणारा साथीदार चालणार नाही.

पहिल्या दिवशी फजिती झाली. डबा जागा दिसली तिथे ठेवला, वाटणी १२० हर्ट्झवर केली आणि आवाज चढवला. डग्ग्याच्या प्रत्येक घिश्शाला शोकेसमधल्या कपबशा नाचू लागल्या. तबलजी कर्ण्यात बसलेला आणि त्याचा डावा हात खोलीच्या दुसऱ्या टोकाला. काकांनी न बोलता उठून बटण बंद केले.

दुसऱ्या दिवशी शहाण्यासारखे वागलो. काकांची आरामखुर्ची हलवून तिच्या जागी स्टुलावर सबवूफर ठेवला आणि एक खालचा सूर लावून मी भिंतीच्या कडेकडेने रांगू लागलो. खोलीत खालचे सूर भिंतींवर आपटून काही ठिकाणी साठतात, काही ठिकाणी नाहीसे होतात. ऐकणाऱ्याच्या जागेवर डबा ठेवला असता जिथे सूर मोजका आणि सारखा ऐकू येतो, तीच डब्याची खरी जागा. पन्नाशी उलटलेला भाचा गुडघ्यांवर रांगतो आहे हे पाहून काका हसले. मावशी गेल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिले.

जागा सापडली ती देव्हाऱ्याखाली. ती कर्ण्यांपेक्षा खुर्चीला दीड मीटर जवळ होती, म्हणजे तिथला आवाज चार मिलिसेकंद आधी पोचणार. आता वाटणी ६५ हर्ट्झवर आणली. त्या सुराची लहर सव्वापाच मीटरची, म्हणजे दीड मीटरची चूक पाव लहरीहून जास्त. हा सूर दोघांतूनही वाजत ठेवला आणि डब्याचे फेजचे बटण फिरवत गेलो. जिथे आवाज सर्वांत भरला तिथे दोघे एकमेकांना साथ देत होते, अलीकडे-पलीकडे एकमेकांना खात होते. मग डब्याचा आवाज कमी करत आणला, इतका की तो वाजतो आहे हे कळू नये आणि बंद केला तर काहीतरी गेले हे कळावे.

मग काकांनी कपाटातून एक कॅसेट काढली. १९८६ च्या चवथीला मावशी माहेरी आली होती, तेव्हाची आरती. मामांचा घुमट, बाजूला शमेळ आणि कासाळी. काका म्हणाले, "यासाठीच तुला इतकी वर्षे नको म्हणत होतो. तिचा आवाज बदलला तर?"

मी सांगितले, बदलणार नाही. बाईमाणसाचा गाण्यातला खालचा सूरही ६५ हर्ट्झच्या बराच वर असतो. डबा तिला शिवणारसुद्धा नाही.

कॅसेट लागली. मावशीचा आवाज होता तसाच, कर्ण्यातून, स्वच्छ. पण तिच्याखाली प्रत्येक ठेक्याला एक हलकी धप येऊ लागली. घुमटाची नव्हे, त्याहून खालची. मला आधी वाटले, पुन्हा काहीतरी चुकले. काकांनी हात वर करून मला थांबवले.

"तो बांक," ते म्हणाले. "टेपरेकॉर्डर बांकावर ठेवला होता. मामा त्याच्यावरच बसून वाजवायचे. ती पण."

खरेच होते. घुमटाचा प्रत्येक ठोका लाकडातून टेपरेकॉर्डरमध्ये शिरला होता आणि इतकी वर्षे त्या फितीवर गुपचूप बसून होता. मी डबा बंद केला. मावशी गात राहिली, पण बांक गेला आणि बांकाबरोबर आमची ओसरीही गेली. पुन्हा चालू केला.

सबवूफर ध्वनिमुद्रणात नसलेले काही आणू शकत नाही. १९०९ साली वडोदऱ्याच्या इनायत खाँनी कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यात गायलेल्या तबकड्यांना कितीही मोठा डबा जोडा, त्या कर्ण्याने जो खर्ज पकडलाच नाही तो आता कुठून येणार? पण जे आत आहे आणि आपल्यापर्यंत पोचत नव्हते, तेवढे तो आणून देतो.

आरती संपली तेव्हा स्टेशनवरून गाडी निघाली होती. तिची थरथर आधी जमिनीतून पायांना लागली, आवाज मागाहून आला. काका म्हणाले, "हिला फेजचे बटण नाही वाटते," आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.