वर पालवी फुटायच्या आत

एप्रिलच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनियातलं रान वर पाहिलं तर अजून हिवाळ्यातलंच वाटतं. ओक, बीच, हिकरी, सगळे जवळपास उघडे. आणि खाली मात्र उतारच्या उतार निळे! न्यू होप गावाजवळ, डेलावेअर नदीकाठच्या ‘बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह’मध्ये शिरताच मी थबकलेच. ती व्हर्जिनिया ब्लूबेल्स. कळी गुलाबी, उमलताना निळी होत जाणारी; एकाच घोसात दोन्ही रंग झुलत होते.

१९३४ साली राखलेलं हे सुमारे १३४ एकरांचं रान. फक्त इथल्याच मातीतल्या वनस्पतींसाठी. याच नदीकाठावरून १७७६च्या नाताळच्या रात्री, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, जॉर्ज वॉशिंग्टनचं सैन्य पलीकडे गेलं. त्या इतिहासासाठी इथे पुष्कळ लोक येतात. मला मात्र पायाशी चाललेली घाई पाहायची होती. झाडांना पालवी फुटली की जमिनीवर सावली दाटते. त्याआधीच्या मोजक्या आठवड्यांत या रानफुलांना उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि कंदात पुढच्या वर्षाची शिदोरी भरायची असते. मग ब्लूबेल्ससारखी कित्येक झाडं पानांसकट नाहीशी होतात. जूनमध्ये येणाऱ्याला इथे निळा उतार होता हे सांगूनही पटणार नाही.

ब्लडरूटचा पांढरा बहर सरून गेला होता, ट्रिलियम मात्र ऐन भरात. तीन पानं, तीन पाकळ्या. या दोघांच्याही बियांना एक तेलकट गोळी चिकटलेली असते. तिच्या लोभानं मुंग्या बी वारुळात नेतात, गोळी खातात, बी टाकून देतात. तिथे ते रुजतं. आणि रुजल्यावर ट्रिलियमला पहिलं फूल यायला सात-सात वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त! हे कळल्यावर वाटेच्या कडेचं प्रत्येक फूल मी निराळ्या आदरानं पाहू लागले.

म्हणूनच हरणांना अडवणारं रानाभोवतीचं उंच कुंपण मला खटकलं नाही. लांडगे आणि कूगर इथून केव्हाच मारून संपवले गेले. पांढऱ्या शेपटीची हरणं बेसुमार वाढली. त्यांनी एकदा ट्रिलियमची पानं खाल्ली की त्या वर्षी नवी येत नाहीत. कुंपणाबाहेरच्या रानात याचा पुरावा डोळ्यांनी दिसतो. भुई इतकी ओकीबोकी की आतली फुलं आठवून जीव कळवळतो.

ओढ्याकाठच्या ओलीत तर मला नातेवाईकच भेटला. हिरवा-जांभळा फणा पुढे वाकलेला, आत उभा दांडा. अगदी आपला सापकांदा! पहिल्या पावसात सह्याद्रीत डोकं वर काढणारा. अरिसीमा ही प्रजाती (जीनस) दोघांची एकच. या अमेरिकी भावंडाला ‘जॅक-इन-द-पल्पिट’ म्हणतात. कंद लहान असेतो झाड नर असतं, पुरेसं अन्न साठलं की मादी होतं, आणि फळं धरून थकलं की पुन्हा नरही होऊ शकतं. महाबळेश्वरच्या वाटेवर मी सापकांद्याला कितीदा ओलांडून गेले असेन. त्याच्या घराण्याचं हे गुपित मला इथे, सातासमुद्रापार कळावं!

प्रिझर्व्हची स्वतःची रोपवाटिकाही आहे. सोबतच्या मैत्रिणीनं न्यू जर्सीतल्या आपल्या अंगणासाठी ब्लूबेल्सची रोपं घेतली. हिरवळीचा एक कोपरा खणून ती लावायची म्हणाली. रोपं देणाऱ्या बाईंनी तिला आधी विचारलं, “तुमच्याकडे हरणं येतात का?”